कागदांच्या फिल्मवरचा चेहरा

माझं नोकरीचं सगळं आयुष्य करड्या रंगाचा जीव घेण्यात गेलं. अकोल्याच्या एका ऑफसेट प्रेसमध्ये मी प्रोसेस कॅमेऱ्यावर होतो. हल्ली हे समजावून सांगावं लागतं. लग्नपत्रिका असो, बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर असो की निवडणुकीचं पत्रक, त्याचा मजकूर आधी भल्यामोठ्या कॅमेऱ्यानं फिल्मवर घ्यायचा, ती फिल्म डार्करूममध्ये धुवायची आणि त्या निगेटिव्हवरून छपाईची प्लेट करायची. त्या फिल्मला दोनच गोष्टी कळत, काळं आणि पांढरं. मधलं काही डोकावलं की प्लेटमेकर ओरडायचा, मग मालक ओरडायचा, आणि चूक माझी ठरायची. म्हणून माझा डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं रसायन, तोही तसाच जालीम होता. ए आणि बी अशा दोन बाटल्या समसमान मिसळायच्या. तीन मिनिटांत काळं ते कोळशासारखं काळं आणि अक्षरं काचेसारखी स्वच्छ. मला त्याचा गर्व होता. अजूनही आहे, गेला नाही मेला.

डार्करूम म्हणत असले तरी आमची खोली ठार अंधारी नसायची. आमच्या फिल्मला लाल उजेड दिसत नाही, त्यामुळे लाल बल्ब लावून फिल्म कितपत आली ते पाहता यायचं. हात कायम ओले, म्हणून बल्बचं बटण सिंकखाली, पायानं दाबायचं. त्याच बटणावर दाराबाहेरही एक लाल दिवा होता, कुणी भसकन दार उघडू नये म्हणून. डोळे चुरचुरतात म्हणून मी बल्ब सतत लावत नसे, पाहायचं असेल तेवढ्यापुरताच लावायचो. बाहेर प्लेटमेकर ताटकळत उभा असायचा. त्याला धीर नाही. तो दारातून विचारायचा, "झालं काय रे?" मी पायानं बटण दाबायचो, फिल्म उचलून पाहायचो आणि म्हणायचो, "दोन मिनिटं." दिवसातून वीस वेळा हेच. पुढे संगणकातून थेट प्लेटा निघू लागल्या, माझं खातं बंद झालं आणि मी अमरावतीला घरी येऊन बसलो. तो अकोल्यातच राहिला.

हा प्लेटमेकर माझा मित्र. त्याच्याकडे सासऱ्यानं दिलेला एक कॅमेरा होता, पण रोल नसायचा. एका सरकारी कचेरीत तेव्हा जुने दस्तऐवज फिल्मवर उतरवायचं काम सुरू होतं. तिथल्या ओळखीच्या कारकुनानं त्याला उरलेल्या फिल्मचा वीसेक फोटोंचा तुकडा दिला. तो यानं रोलच्या डबीत भरला आणि बायकोला घेऊन पातूरची लेणी पाहायला गेला. सोमवारी प्रेसमध्ये आला आणि डबी माझ्या हातात ठेवून म्हणाला, "धुवून दे."

मी डबी पाहिली आणि त्याला झापलं. "अरे बावा, ही कागदाची फिल्म हाय. माणसाची नाई. माह्या डेव्हलपरमंदी टाकली तं तुह्या बायकोचा चेहरा जळून जाईन. नुसता पांढरा गोळा अन् दोन भोकं."

"मंग?"

"मंग थांब. नरम डेव्हलपर पायजे याले. मी पाहतो."

मी पाहतो म्हणालो, डबी त्याला परत दिली आणि पाहिलं नाही. नरम डेव्हलपर म्हणजे कचकड्याचं काम, असं मला मनातून वाटायचं. चेहरे धुणारे स्टुडिओवाले वेगळे आणि आम्ही वेगळे. महिने गेले. त्याला मुलगी झाली. मुलगी दीड वर्षाची असताना त्याची बायको तापानं गेली, चार दिवसांत. मग त्यानं डबीचा विषय काढला नाही आणि मला तो काढायची हिंमत झाली नाही. लग्नाचा अल्बम होता, तो नाल्याकाठच्या भाड्याच्या घरात पाणी शिरलं तेव्हा चिकटून लगदा झाला. तिचा उरलेला फोटो एकच, मतदार ओळखपत्राच्या झेरॉक्सवरचा. मूळ ओळखपत्र हरवलं. त्या झेरॉक्सवर चेहऱ्याच्या जागी काळा डाग आहे आणि डागाखाली तिचं नाव.

गेल्या उन्हाळ्यात त्यानं घर रंगवायला काढलं तेव्हा ट्रंकेत ती डबी सापडली. डबी सापडली मुलीला. ती आता शाळेत शिकवते, पंचवीसची असेल. तिनं बापाला विचारलं हे काय, त्यानं सांगितलं, आणि तिनं त्याच दिवशी मला फोन लावला. "काका, यात आई हाय म्हणतात. निघते काय?"

मी म्हणालो पाहतो. या वेळी खरंच पाहिलं.

आता डेव्हलपरचं दुखणं सांगतो, कारण पुढचे सहा महिने मला दुसरं काही सुचलं नाही. फिल्मवर उजेड पडला की त्याचा ठसा आत बसतो, तो डोळ्यांना दिसत नाही. डेव्हलपर त्याला वर आणतो. पण ठसा असाच वर्षानुवर्षं ठेवला तर तो विरत जातो. कडक डेव्हलपर विरलेल्या ठशालाही मानेला धरून बाहेर काढतो. त्यात काहीतरी निघणार हे नक्की होतं, फक्त ते काळं-पांढरं निघणार. गाल नाही, हनुवटीखालची सावली नाही, चेहरा म्हणावं असं काही नाही. नरम डेव्हलपर करडं देतो, म्हणजे चेहरा देतो. पण तो स्वभावानंच भिडस्त. ठसा पुरता विरला असेल तर तो त्याला हाकच मारणार नाही आणि फिल्म कोरीच्या कोरी निघेल. आणि फिल्म एकदाच धुता येते.

मित्र म्हणाला, "अर्धी यात टाक, अर्धी त्यात."

"कापू कुठं? कोणता फोटो कुठं हाय, तुले याद हाय काय?"

त्याला आठवत नव्हतं. बहुतेक लेण्यांचे खांबच काढले होते, कारण बायको समोर उभीच राहायची नाही. एकदाच उभी राहिली, तो फोटो पहिला की शेवटचा की मधला, देव जाणे. अंधारात कात्री लावली आणि ती नेमकी तिच्या तोंडावरून गेली तर काय करायचं?

मी मुंबईच्या एका हौशी माणसाकडून तसल्याच फिल्मचा ताजा रोल मागवला आणि प्रयोग सुरू केले. प्रयोग म्हणजे माझी बायको अंगणात खुर्चीवर आणि मी तिचे फोटो काढतोय. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली, तिचे एवढे फोटो मी आयुष्यात काढले नव्हते. फिल्म न्हाणीघरात, दाराला गोधडी लावून, प्लास्टिकच्या टाकीत धुवायची. पहिला तुकडा माझ्या जुन्या कडक डेव्हलपरमध्ये धुतला. बायकोनं तो पाहिला आणि म्हणाली, "तुमी तं मले भुताटकी करून ठेवलं." दुसरा साध्या डेव्हलपरमध्ये पाणी वाढवून. तो थोडा बरा, पण नाकाची एक बाजू गायब. मग मी दोन पावडरी मागवल्या, फेनिडोन आणि सोडियम सल्फाइट, आणि त्यांचा पातळसा डेव्हलपर घरीच केला. त्यात बारा मिनिटं. फिल्म वाळली आणि मी खिडकीपाशी भिंगातून पाहिली. बायकोच्या गालावर उजेड होता, गालाखाली सावली होती, आणि दोन्हींच्या मध्ये करडं होतं, पायरी पायरीनं उतरत गेलेलं. एवढं सुंदर काम मी कधी केलं नव्हतं. मला रडू आलं आणि बायकोला वाटलं ते तिच्यासाठी आलं.

तरी माझं मन कडक डेव्हलपरकडेच ओढ घेत होतं. काही न निघण्यापेक्षा काहीतरी निघालेलं बरं. हे मी मित्राच्या मुलीला फोनवर सगळं सांगितलं. निर्णय तिच्यावर ढकलला म्हणा ना.

"काका," ती म्हणाली, "काळा डाग तं हाय माह्याजवळ. झेरॉक्स हाय ना. मले चेहरा पायजे. नाई निघाला तं नाई निघाला."

मग मी नरम डेव्हलपर पक्का केला. आमच्याकडे उन्हाळ्यात नळालाच चहाचं पाणी येतं, म्हणून थंडीपर्यंत थांबलो. फिल्म धुवायची कुठे, हा प्रश्न खरं तर नव्हताच. माझं न्हाणीघर होतं, त्यात सगळं जमून आलं होतं. पण मित्र म्हणाला डबी बसच्या धक्क्यांत नको, तूच ये. मुलीला तिथे हजर राहायचं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही ते हवंच होतं. प्रेस अजून चालू आहे. मालकाच्या मुलाला विचारलं, तर डार्करूममध्ये आता कागदाचे रिम ठेवतात, पण सिंक तसंच आहे, पाणी येतं, खुशाल वापरा म्हणाला. मला माझ्या त्या खोलीत, माझ्या सिंकवर, एकदा एक चेहरा काढून दाखवायचा होता. एवढी हौस या वयात कशाला हवी होती कोण जाणे.

जानेवारीत सकाळच्या बसनं बडनेरा, मूर्तिजापूर करत मी अकोल्याला पोचलो. पिशवीत पावडरी, थर्मामीटर, टाकी आणि डेव्हलपरला थांबवून आलेला फोटो पक्का करणारा हायपो. दुपारी आम्ही तिघं प्रेसमध्ये गेलो. मी मुलीला बजावलं, "ही फिल्म आमच्या फिल्मसारखी नाई. हिले लाल उजेडही दिसते. आत ठार अंधार पायजे. घड्याळ मले दिसणार नाई, तवा तू दाराबाहेरून मिनिटं सांगायची." मी स्वतःच्या तोंडानं हे बोललो. माझा मित्र शेजारी उभा होता, त्यानं मान हलवली.

आत रिमांच्या थप्प्या होत्या, पण सिंकजवळची जागा मोकळी होती. मी दाराची फट कापडानं बुजवली, सिंकखालचे जुने ट्रे सवयीनं मांडले, डेव्हलपर मिसळला, तापमान पाहिलं आणि उजेड बंद केला. डबी उघडली. फिल्म सव्वीस वर्षं गुंडाळून राहिलेली, ती ताठर झाली होती. टाकीतल्या, फिल्म गुंडाळायच्या चाकीत सरकेना. दोनदा सरकवली, दोनदा अडकली, तिसऱ्यांदा कडेला चुरगळल्याचा आवाज आला. जास्त जोर केला तर तुटली असती. मग मी टाकी बाजूला ठेवली आणि जुन्या पद्धतीनं हातानंच धुवायचं ठरवलं. फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरायची आणि ट्रेमधल्या डेव्हलपरमधून वर-खाली झुलवत राहायची. हे मला झोपेतही जमतं. बाहेर हाक दिली, "सुरू."

"एक झालं काका."

खांदे लवकर भरून आले, पण हात बरोबर चालत होते. ओल्या कागदाचा आणि रसायनांचा तोच वास. पायाखाली तीच खडबडीत शहाबादी. मला बरं वाटत होतं, फार वर्षांनी कुठेतरी कामाला आल्यासारखं. मुलगी मिनिटं सांगत होती. तिचा आवाज वर्गात हजेरी घेताना येत असेल तसाच स्वच्छ येत होता. सात. आठ. नऊ.

नवव्या मिनिटानंतर मित्राला धीर धरवला नाही. दाराबाहेरून त्यानं विचारलं, "झालं काय रे?"

आणि माझ्या पायानं बटण दाबलं.

मी दाबलं असं म्हणत नाही, पण पाय माझाच होता. बल्ब इतक्या वर्षांत उडायला हवा होता, तो लागला. लाल उजेडात माझ्या दोन हातांमध्ये फिल्म होती आणि फिल्मवर फोटो होते. लेण्यांचे खांब, खांब, खांब, आणि उजव्या हाताशी, नखापेक्षा थोडी मोठी, एक बाई. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, केस फिके आणि चेहरा गडद. पण ते वाचायला मला वेळ लागत नाही. गाल आला होता. गालावरचं करडं आलं होतं, पायरी पायरीनं उतरत गेलेलं. ठसा विरला नव्हता. डेव्हलपर बरोबर निवडला होता.

त्याच क्षणी फिल्म हायपोत घातली असती तर जे आलं होतं ते वाचलं असतं. मी घातली नाही. मी पाहत राहिलो. काळं पुरतं भरल्याशिवाय फिल्म उचलायची नाही, ही सवय हाडीमाशी खिळलेली, आणि शिवाय मी खूश होतो. तोंडातून "दोन मिनिटं" हे शब्दही निघाले असावेत. मग फिल्मच्या कडा करड्या व्हायला लागल्या, ज्या कधीच व्हायला नकोत. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की मी काय केलंय. बटण दाबून बल्ब बंद केला आणि फिल्म धडपडत हायपोत कोंबली.

पाच मिनिटांनी पांढरा दिवा लावला. फिल्म एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळी होती. उजेडाला धरली, भिंग लावलं, तिरकी करून पाहिली. खांबही नव्हते. मी आयुष्यभर याच काळ्यासाठी झटलो होतो.

दार उघडलं तर मुलगी समोरच उभी. मी फिल्म तिच्या हातात दिली. तिनं ती ट्यूबलाइटकडे धरली, जशी मी धरली होती तशीच, आणि बराच वेळ पाहिली.

"फिल्म मेली होती बाई," मी म्हणालो. "लय जुनी झाली होती." सव्वीस वर्षांपूर्वी पाहतो म्हणालो होतो, तेव्हा निदान खोटं बोलतोय हे मला माहीत नव्हतं. आता माहीत होतं.

"जाऊ द्या काका," ती म्हणाली. "तुमी कावून वाईट वाटून घेता? तुमी एवढं केलं." तिनं डोळे पुसले आणि थोडी हसलीही, माझ्यासाठी. "मले तं वाटलं निघालीच. तो दारावरचा लाल दिवा लागला ना, तं बाबा एकदम उठून उभे राहले. मले वाटलं आई आली."

मी मित्राकडे पाहिलं. तो दाराशेजारच्या स्टुलाला हात टेकून उभा होता. प्लेटमेकर माणूस. बाहेरचा दिवा कशानं लागतो आणि या फिल्मला लाल उजेड लागला की काय होतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. आपण विचारलं की दिवा लागतो, हेही त्याला माहीत होतं. तो माझ्याकडे पाहत नव्हता. मुलीच्या हातातून त्यानं फिल्म घेतली, नीट गुंडाळली आणि म्हणाला, "जुनीच होती. चाल, चहा घेऊ."

मुलगी मला जेवायला थांबा म्हणाली, मी थांबलो नाही. तिच्या हातचं खायला मला तोंड नव्हतं. मित्र बसस्टँडपर्यंत सोडायला आला. अमरावतीची बस लागायची होती. आम्ही बाकावर बसलो, शेंगदाणेवाला येऊन गेला, आम्ही घेतले नाहीत.

"तिले सांगू नोको," तो म्हणाला. "दिव्याचं."

"माह्याच पायानं झालं."

"मीच इचारलं ना." मग त्यानं स्वेटरची बाही ओढली आणि समोरच्या फलाटाकडे पाहत म्हणाला, "तुले दिसली काय पण?"

एवढं तरी खरं सांगावं असं वाटलं. "दिसली."

"व्हय?" तो माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा एकदम उघडा पडला, त्याच्याकडे पाहवेना. "कशी दिसे? मले आता याद येत नाई रे. पोरगी इचारते अन् मी काईबाई सांगतो. हसत होती काय? माह्याकडं पाहत होती काय?"

मी आठवायला लागलो. मी मनापासून आठवलं, शपथ. गाल आठवला. गालाखालची सावली आठवली, तिथं करडं कसं हळूहळू उतरत गेलं होतं ते आठवलं. डोळे उघडे होते की उन्हानं मिटलेले, ओठ कसे होते, ती कुणाकडे पाहत होती, यातलं काहीच येईना. सव्वीस वर्षांनी ती वर आली, पाहणारा मी एकटा होतो, आणि मी डेव्हलपर कसा उतरलाय तेवढंच पाहत होतो.

"चांगली दिसत होती," मी म्हणालो.

"ते तं मले मालूम हाय," तो म्हणाला, आणि अजून काही सांगेन म्हणून माझ्याकडे पाहत राहिला.